गोळी आणि तिची मात्रा: एडीएचडीच्या औषधाला मुलाच्या मापाचे करण्याचा इतिहास

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचे नियमन करणारा भारताचा कायदा १९८५ चा आहे. ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनी तो सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. या कायद्याच्या अनुसूचीत मिथाइलफेनिडेट हे नाव आढळते. हेच मिथाइलफेनिडेट देशभरातील बालमानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एडीएचडी असलेल्या, म्हणजे अवधान टिकत नाही व अंगी अतिचंचलता आहे अशा, सहा-सात वर्षांच्या मुलांना लिहून देतात. कायद्याने ज्याच्यावर पहारा बसवला आहे, ते औषध पहिलीच्या वर्गातील मुलाला द्यायचे, हे ऐकून पालकांच्या मनात भीती निर्माण झाली तर त्यात नवल नाही.

त्या भीतीपाठोपाठ पहिल्या काही आठवड्यांत दुसरी अडचण उभी राहते. शाळेतून कळते की मूल आता जागेवर बसते, फळ्यावरचे पूर्ण उतरवून घेते. घरी मात्र जेवणाचा डबा तसाच परत येतो, संध्याकाळी मूल विनाकारण चिडते, रात्री उशिरापर्यंत जागे राहते. दोन्ही निरीक्षणे खरी असतात. मग औषध लागू पडले असे म्हणावे की बाधले असे म्हणावे? मात्रा वाढवावी, कमी करावी, वेळ बदलावी की औषधच बदलावे?

या प्रश्नांना आज शास्त्रीय उत्तरे आहेत. परंतु ती औषधाबरोबर आलेली नाहीत. औषधाचा गुण १९३७ मध्ये एका आठवड्यात दिसून आला होता. ते लहान मुलाला कसे द्यावे, त्याची मात्रा कशी शोधावी आणि त्या शोधात घराचे व शाळेचे स्थान काय, हे समजण्यास त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे लागली.

■ प्रॉव्हिडन्समधील एक आठवडा

अतिचंचल मुलांचे वर्णन वैद्यकीय साहित्यात त्याआधीही येऊन गेले होते. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांची नोंद केली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतरच्या दशकात मेंदूज्वराच्या एका विचित्र साथीने जगाला ग्रासले. तिच्यातून वाचलेल्या अनेक मुलांचे वागणे पार बदलून गेल्याचे डॉक्टरांनी पाहिले. अशा मुलांच्या वर्तनाचे मूळ मेंदूत असावे, हा विचार त्यातून बळावला.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्सजवळ १९३१ मध्ये एमा पेंडलटन ब्रॅडली होम हे मुलांचे मनोरुग्णालय सुरू झाले. जॉर्ज ब्रॅडली या उद्योजकाची एकुलती एक मुलगी एमा वयाच्या सातव्या वर्षी मेंदूज्वराने कायमची अपंग झाली होती. तिच्यासारख्या मुलांसाठी त्याने आपली संपत्ती मागे ठेवली. त्याच कुटुंबातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली पुढे या संस्थेचे प्रमुख झाले.

त्या काळात मेंदूची रचना पाहण्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्याजागी हवा सोडत आणि मग क्ष-किरण चित्र घेत. या तपासणीनंतर मुलांचे डोके असह्य दुखे. द्रव पुन्हा लवकर तयार व्हावा या हेतूने ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिले. बेन्झेड्रिन म्हणजे अ‍ॅम्फेटामिन. हा पदार्थ १८८७ मध्ये बर्लिनमध्ये लाझार एडेलियानू यांनी बनवला होता. पण त्याचे औषधी गुण गॉर्डन अ‍ॅलेस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओळखले. ब्रॅडली यांच्या मुलांची डोकेदुखी काही थांबली नाही. संस्थेतील शिक्षकांना मात्र काही मुलांचा अभ्यास एकदम सुधारलेला दिसला.

ब्रॅडली यांनी हे निरीक्षण बाजूला टाकले नाही. पाच ते चौदा वयाच्या ३० मुलांना, २१ मुलगे आणि ९ मुली, त्यांनी तीन आठवडे न्याहाळले. पहिला आठवडा औषधाविना, दुसऱ्यात रोज सकाळी औषध, तिसरा पुन्हा औषधाविना. त्यांपैकी १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा झाली. बदल औषधाच्या पहिल्याच दिवशी दिसे आणि औषध थांबताच नाहीसा होई. गणिते पटापट सुटू लागल्यामुळे मुले स्वतःच या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. हा निबंध १९३७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकायट्री’त प्रसिद्ध झाला. माणसाला जागवणाऱ्या उत्तेजक औषधाने अस्वस्थ मुले शांत व्हावीत, हा विरोधाभास ब्रॅडली यांनाही खटकला होता. मेंदूतील ज्या भागांचे काम इतर भागांना आवर घालणे असते, तेच भाग औषधाने जागे होत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तो आजच्या समजुतीपासून फार दूर नाही.

या प्रयोगाचे सामर्थ्य आणि मर्यादा एकाच गोष्टीत होत्या. मुले चोवीस तास संस्थेत होती. परिचारिका, शिक्षक, डॉक्टर सगळे एका छताखाली होते. त्यामुळे निरीक्षण बारकाईने झाले. पण घर, भावंडे, साठ मुलांचा वर्ग, रोजची बस यांतले काहीही तेथे नव्हते. निष्क्रिय गोळी देऊन तुलना केलेली नव्हती. संमतीची आजची कल्पनाही त्या काळी रुजलेली नव्हती. ब्रॅडली यांनी १९४१ मध्ये १०० मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, तरी पुढची वीस वर्षे या कामाकडे फारसे कोणी वळले नाही. अमेरिकन मनोविकारशास्त्रावर तेव्हा मनोविश्लेषणाचा पगडा होता. मुलाच्या वागण्याचे कारण आईवडिलांशी असलेल्या नात्यात शोधण्याची रीत होती. तेथे गोळीला जागा नव्हती.

■ बाझेलमधील रेणू, बॉल्टिमोरमधील मोजपट्टी

याच सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात दुसरी कथा आकार घेत होती. सीबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआंड्रो पानिझोन यांनी १९४४ मध्ये मिथाइलफेनिडेट तयार केले. त्यांची पत्नी मार्गरीट हिचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेई. तिच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ हे नाव मिळाले. १९५४ मध्ये ते युरोपच्या बाजारात आले आणि १९५५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा ते मुलांसाठी नव्हतेच. सततचा थकवा, मरगळ, उदासी आणि अवेळी झोप येण्याचा विकार यांसाठी प्रौढांना दिले जाई.

लहान मुलांत त्याची शास्त्रीय पारख करण्याचे श्रेय बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांना जाते. त्यांचा मिथाइलफेनिडेटवरील निबंध १९६३ चा. आदल्याच वर्षी अमेरिकेत कायदा बदलला होता. औषध सुरक्षित असणे पुरेसे नाही, त्याचा उपयोग होतो हेही सिद्ध केले पाहिजे, असा दंडक आला होता. म्हणजे काही मुलांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि कोणाला कोणती हे निरीक्षकाला ठाऊक नाही, अशी रचना हवी.

येथे एक वरवर साधा पण मूलभूत प्रश्न उभा राहिला: मोजायचे काय? रक्तदाब यंत्रावर दिसतो, ताप तापमापकावर. मुलाची एकाग्रता दवाखान्यातील पंधरा मिनिटांत दिसत नाही. अनोळखी जागी, अनोळखी माणसासमोर अतिचंचल मूलही बऱ्याचदा शांत बसते. कॉनर्स यांनी १९६९ मध्ये शिक्षकांसाठी ३९ विधानांची गुणांकन-पट्टी प्रसिद्ध केली. मूल हातपाय हलवत राहते का, सुरू केलेले काम अर्धवट सोडते का, इतर मुलांना त्रास देते का, अशा प्रत्येक विधानापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘फार जास्त’पर्यंत चार पायऱ्यांत खूण करायची.

या कागदाने एक मोठा बदल घडवला. वर्गातील शिक्षिका, आणि पुढे पालकांसाठीच्या पट्ट्या आल्यावर आईवडील, हे उपचाराच्या मोजमापाचे अधिकृत साधन झाले. मात्रा योग्य आहे की नाही याचे उत्तर डॉक्टरांच्या खोलीत मिळत नाही, ते वर्गात आणि स्वयंपाकघरात मिळते, ही गोष्ट शास्त्राने येथून मान्य केली.

■ ओमाहाची बातमी आणि भीतीचा उगम

२९ जून १९७० रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराविषयी बातमी दिली: तेथील ६२,००० शाळकरी मुलांपैकी ५ ते १० टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जात आहेत. हा आकडा चुकीचा निघाला. तो सर्व मुलांना लागू नव्हता. पण तोवर देशभर खळबळ माजली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसचे सदस्य कॉर्नेलियस गॅलाघर यांच्या अध्यक्षतेखाली सुनावणी झाली. शाळा पालकांवर दबाव आणतात का, खोडकर मूल आणि आजारी मूल यांतील रेषा कोण आखतो, हे त्यातील प्रश्न होते. आकडा चुकीचा असला तरी प्रश्न रास्त होते.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. अ‍ॅम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गेले. भारताचा १९८५ चा कायदा याच आंतरराष्ट्रीय चौकटीतून आला. या औषधांचा प्रौढांकडून होणारा गैरवापर जगभर वाढला होता, म्हणून हे नियंत्रण आले. योग्य मात्रेत तोंडाने दिलेली गोळी आणि नशेसाठी केलेला वापर यांत मेंदूच्या दृष्टीने फरक आहे. अमेरिकेत नोरा व्होल्कोव यांच्या गटाने १९९० च्या दशकात मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने प्रौढांत दाखवले की उपचाराच्या मात्रेत घेतलेले मिथाइलफेनिडेट डोपामिन परत ओढून घेणारी निम्मी वा त्याहून अधिक वाहक-प्रथिने अडवते, परंतु हा परिणाम तासाभराने, हळूहळू शिखर गाठतो. नशेला कारणीभूत ठरतो तो परिणामाचा वेग. आणि तो शिरेतून टोचल्यावर येतो. कायद्याच्या यादीत नाव असणे म्हणजे औषध विषारी असणे नव्हे. त्याचा साठा आणि विक्री यांवर लक्ष हवे, एवढाच त्याचा अर्थ.

■ शांत मूल म्हणजे शिकणारे मूल नव्हे

मात्रेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा १९७७ चा आहे, आणि तो सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. रॉबर्ट स्प्रेग आणि एस्थर स्लीटर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अतिचंचल मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मिथाइलफेनिडेटच्या दोन मात्रा तपासल्या: वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम. मुलांना स्मरणशक्तीचे काम दिले आणि शिक्षकांकडून वर्तनाचे गुण घेतले.

स्मरणाच्या कामात मुले लहान मात्रेवर उत्तम होती. मोठ्या मात्रेवर त्यांची कामगिरी घसरली. शिक्षकांच्या पट्टीवर मात्र मोठ्या मात्रेवरची मुले सर्वांत चांगली ठरली. म्हणजे ज्या मात्रेवर मूल वर्गाला सोयीचे वाटते, त्या मात्रेवर ते कमी शिकत असण्याची शक्यता होती. केवळ वर्गातील शांततेवरून मात्रा ठरवली, तर ती मुलाच्या गरजेपेक्षा वर्गाच्या गरजेची होईल, हा इशारा त्या आलेखात होता. नव्या औषधावर मूल गप्प, निर्विकार झाले, हसणे-खेळणे विसरले, तर ते यश नसून मात्रा जास्त झाल्याची खूण असू शकते, हे आज डॉक्टर पालकांना सांगतात. त्याचा पाया येथे आहे.

पुढच्याच वर्षी ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गैरसमज दूर केला. कोणताही विकार नसलेल्या मुलग्यांना त्यांनी डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनची एकेक मात्रा दिली. त्यांचीही चळवळ कमी झाली आणि अवधान सुधारले. म्हणून ‘औषधाने फरक पडला, अर्थात निदान बरोबर होते’ हा तर्क टिकत नाही. निदान औषधाआधी, मुलाचा पूर्ण इतिहास घेऊन, घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणची माहिती पाहून करावे लागते.

शारीरिक परिणामांची नोंदही याच दशकात सुरू झाली. १९७२ मध्ये डॅनियल सेफर आणि सहकाऱ्यांनी उत्तेजक औषधे घेणाऱ्या मुलांची वाढ मंदावते असे दाखवले. तेव्हापासून उंची आणि वजन ठरावीक अंतराने मोजणे हा उपचाराचा भाग झाला. मूल जेवत नाही ही आईची तक्रार आता वैद्यकीय नोंद झाली.

दरम्यान विकाराची नावेही बदलत गेली. ‘मेंदूची सूक्ष्म इजा’, ‘मेंदूचे सूक्ष्म कार्यवैगुण्य’, १९६८ मध्ये ‘बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया’, १९८० मध्ये अवधानाला केंद्रस्थानी ठेवणारे नाव आणि १९८७ मध्ये आजचे एडीएचडी. अदृश्य इजेच्या कल्पनेपासून प्रत्यक्ष दिसणाऱ्या वर्तनाकडे हा प्रवास झाला.

■ अठ्ठावीस दिवसांचा शोध

मात्रा शोधण्याची पद्धत खऱ्या अर्थाने कसाला लागली ती १९९० च्या दशकात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने चालवलेल्या ‘एमटीए’ या अभ्यासाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. सात ते नऊ वर्षे वयाची ५७९ मुले, चार गट, चौदा महिने. एका गटाला काटेकोरपणे दिलेले औषध, दुसऱ्याला सखोल वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्या गटातील मुले आपापल्या भागातील नेहमीच्या डॉक्टरांकडे.

औषधाच्या गटांत प्रत्येक मुलासाठी २८ दिवसांचा शोध चाले. मात्रा रोज बदले: कधी कमी, कधी जास्त, कधी निष्क्रिय गोळी. आज कोणती आहे हे पालक व शिक्षक यांना माहीत नसे. ते रोजचे गुण भरत. त्यांचे आलेख तज्ज्ञांपुढे ठेवले जात, आणि कोणता आलेख कोणत्या मात्रेचा हे न कळता तज्ज्ञ सर्वोत्तम आलेख निवडत. एकाच वजनाच्या दोन मुलांसाठी निवडलेल्या मात्रा वेगळ्या निघत. काही मुलांना निष्क्रिय गोळीवरच इतका फरक पडला की त्यांना औषध सुरूच केले नाही.

निष्कर्षातील सर्वांत बोलका भाग चौथ्या गटाचा होता. त्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलांना नेहमीच्या डॉक्टरांनी औषध दिलेच होते, बहुधा तेच मिथाइलफेनिडेट. तरीही काटेकोर औषधोपचाराच्या गटात त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे अधिक सुधारणा झाली. फरक रेणूत नव्हता. अभ्यासातील मुलांची दर महिन्याला अर्धा तास भेट होई, शिक्षकांशी संपर्क ठेवला जाई, दुष्परिणाम विचारले जात, मात्रा त्यानुसार बदलली जाई. बाहेरच्या मुलांना वर्षाकाठी मोजक्या भेटी मिळत आणि शाळेचे मत क्वचितच विचारले जाई.

या अभ्यासाने भाबडा आशावादही राखला नाही. तीन वर्षांनंतर, सर्व मुले पुन्हा आपापल्या नेहमीच्या उपचारांकडे परतलेली असताना, गटांमधील फरक विरून गेले होते. आणि सतत औषध घेणाऱ्या मुलांच्या उंचीत सुमारे दोन सेंटिमीटरची तूट दिसली. औषध चालू असताना, लक्षपूर्वक दिले तर, उपयोगी पडते. ते पुढच्या आयुष्याची हमी देत नाही.

■ त्याहून लहान मुले

तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी पुरावा जवळपास नव्हता, पण औषध लिहून दिले जात होते. ‘पॅट्स’ या अभ्यासाने २००६ मध्ये हा प्रश्न हाताळला. ३०३ मुलांची नोंदणी झाली. पण थेट औषध कोणालाच मिळाले नाही. आधी पालकांसाठी दहा सत्रांचे प्रशिक्षण: सूचना थोडक्यात कशी द्यावी, चांगल्या वर्तनाची दखल लगेच कशी घ्यावी, दिनक्रम कसा बांधावा. काही मुलांना तेवढ्यानेच पुरेसा फरक पडला, काही पालकांनी औषध नको असे ठरवले. अखेर १६५ मुले मात्रा शोधण्याच्या टप्प्यापर्यंत आली.

त्यांना दिलेल्या मात्रा अगदी लहान, एका वेळी १.२५ मिलिग्रॅमपासून ७.५ मिलिग्रॅमपर्यंत, दिवसातून तीनदा. उपयोग दिसला, पण मोठ्या मुलांपेक्षा कमी. सुमारे ३० टक्के मुलांच्या पालकांनी मध्यम ते तीव्र त्रास नोंदवला: भूक मंदावणे, झोप न लागणे, चिडचिड, रडणे, भावनांचा उद्रेक. दहा मुलांमागे एकाहून थोड्या अधिक मुलांना त्रासामुळे औषध सोडावे लागले. लहान वयात मेंदू औषधाला निराळा प्रतिसाद देतो, हे यातून स्पष्ट झाले. आज अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे बालवाडीच्या वयात पालकांच्या प्रशिक्षणाला पहिले स्थान देतात, ते याच पुराव्यांच्या आधारे.

■ संध्याकाळची चिडचिड आणि घड्याळ

साध्या मिथाइलफेनिडेटचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. सकाळची गोळी दुपारी संपते. शाळेत दुसरी द्यायची तर मुलांच्या नजरा आणि चिडवणे आले. औषध उतरताना अनेक मुले नेहमीहून अधिक अस्वस्थ होतात. दिवसभर पुरेल अशी गोळी बनवताना संशोधकांनी प्रथम औषध एकसारखे, संथपणे सोडून पाहिले. पण दुपारपर्यंत परिणाम ओसरू लागला. मेंदू काही तासांतच त्या पातळीला सरावत होता. कॅलिफोर्नियातील जेम्स स्वॉन्सन यांच्या गटाने औषधाची पातळी दिवसभर चढती ठेवली तर परिणाम टिकतो असे दाखवले. या तत्त्वावरची गोळी २००० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. २००२ मध्ये तेथेच अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध आले. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून एका औषधाच्या अनुभवावरून दुसऱ्याविषयी तीन दिवसांत मत बनवणे चुकीचे ठरते. मनःस्थितीतील बदलांवर लक्ष ठेवण्याचा इशाराही २००५ पासून त्याच्याबरोबर दिला जातो.

■ भारतापुढचा प्रश्न

कोइम्बतूरमधील चार शाळांत सहा ते अकरा वयाच्या मुलांची पाहणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के मुलांत एडीएचडी आढळला. एका शहरातील चार शाळांवरून देशाचा आकडा काढता येत नाही, पण भारतीय वर्गांत ही मुले आहेत, यात शंका उरत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये निदान आणि उपचार यांवर सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले. मात्र दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश असला, तरी एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही.

मिथाइलफेनिडेट जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यावे, हे प्रस्ताव २०१९ आणि २०२१ मध्ये फेटाळले गेले. दीर्घकालीन लाभाचा पुरावा पुरेसा भक्कम नाही, असे तज्ज्ञ समितीला वाटले. जे औषध अनेक देशांत पहिल्या पसंतीचे आहे, त्याच्याविषयी इतकी सावधगिरी का, याचे उत्तर एमटीएच्या चौथ्या गटात सापडते. गोळी पोहोचवणे सोपे, तिच्याभोवतीची देखरेख पोहोचवणे अवघड. भारतात लाखामागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि त्यांतही मुलांचे तज्ज्ञ मोजकेच. जिल्ह्याच्या गावातील कुटुंब दोनशे किलोमीटर प्रवास करून शहरात जाते, औषध घेऊन परतते आणि पुढची भेट चार महिन्यांनी ठरते. म्हणजे ते मूल, औषध मिळूनही, चौथ्या गटात जाते.

यावर उपाय इतिहासानेच सुचवला आहे, आणि तो महाग नाही. ब्रॅडली यांच्याकडे वही आणि पेन्सिल होती. कॉनर्स यांच्याकडे एक कागद. नवे औषध सुरू झाल्यावर पालकांनी रोज चार-पाच गोष्टी लिहिल्या, गोळीची वेळ, जेवण, झोप, औषध उतरतानाची मनःस्थिती आणि मूल स्वतः काय म्हणते ते. वर्गशिक्षिकेने आठवड्यातून एकदा एक पान भरले, ज्यात शांत बसण्याइतकेच शिकण्याकडेही लक्ष दिले. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला उंची-वजन मोजले गेले, तर दूरच्या तज्ज्ञाला फोनवरून किंवा दृक्-श्राव्य भेटीतूनही मात्रेविषयी निर्णय घेता येतो. निर्णय मात्र तज्ज्ञाचाच हवा. शेजाऱ्याच्या मुलाला चालली ती मात्रा आपल्या मुलाला चालेल, असे मानण्यास या साऱ्या इतिहासात कोठेही आधार नाही. आणि पहिल्या आठवड्यातील चिडचिडीने घाबरून, न विचारता औषध बंद करण्यासही नाही.

कीथ कॉनर्स यांनी आयुष्याच्या अखेरीस, अमेरिकेत हे निदान अतिरेकी प्रमाणात होऊ लागल्याची जाहीर चिंता व्यक्त केली. ज्याने मोजपट्टी बनवली, त्यालाच ती घाईने वापरली जाताना पाहावी लागली. भारतात आज दोन्ही टोके एकाच शहरात आढळतात: एका शाळेत निदानाची घाई, तर पलीकडच्या वस्तीत ‘मूल वांड आहे’ म्हणून मिळणारा मार. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, ती वही भरणाऱ्या आईची, पान भरणाऱ्या शिक्षिकेची आणि ते वाचून मात्रा बदलणाऱ्या डॉक्टरांची आहे.

#विज्ञानइतिहास #बालआरोग्य #एडीएचडी